नॉर्मलचा उपास

"चहा ठेवू नको," बाबा न्हाणीघरातूनच ओरडले. "आज किटचा दिवस हाय."

आईने गॅसवरचं भांडं उतरवलं आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. "घ्या. आला नॉर्मलचा उपास. एकादशी चुकन यायची, पन हा नाई चुकत."

"एकादशीनं काय भेटते?" डोकं पुसत बाबा बाहेर आले. "इथं लेखी भेटते. देवराव लांजेवार, नॉर्मल."

"हाव, लेखी! चष्मा फ्रिजमंदी ठेवते मानूस, अन् म्हनते नॉर्मल."

"एक डाव ठेवला व रत्नमाला. एक डाव. आता जलमभर काढशीन."

मी रायपूरला कॉलेजात शिकवते. त्या आठवड्यात सुट्टी घेऊन भिलाईला, रिसालीतल्या घरी आले होते. बाबांची स्कूटर दुरुस्तीला दिलेली, म्हणून त्यांना प्रयोगशाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी तिथूनच सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन त्यांचा नवा चष्मा करायचा होता. आईने पोह्यांचा डबा भरला आणि तो माझ्या हातात दिला. बाबांच्या हातात द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. रक्त देण्याआधीच ते रस्त्यात झाकण उघडतील, असं तिला वाटे. त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

निघताना ती त्यांच्या कमरेकडे पाहत म्हणाली, "हे भोक कवा पाडलं?"

पट्ट्याला एक नवं भोक होतं. तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं, कडा जळून काळ्या झालेल्या.

"चहातली साखर सोडली ना," बाबा म्हणाले. "पोट उतरलं. लोकं पहाटंशी पळून पळून उतरवते, माहं बसल्या बसल्या उतरलं."

आईने त्यांचा शर्ट मागून ओढून नीट केला.

बाबा एका ट्रस्टच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. तिथे सिकलसेलचे पेशंट येत, बरेचसे उतईचे आणि त्यापलीकडच्या गावांतले, त्यात लहान मुलं पुष्कळ. रोजच्या तपासण्यांबरोबर तिथे थोडं संशोधनही चाले आणि त्यासाठी बाहेरून किट येत. थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यामध्ये काही छोट्या बाटल्या आणि प्लास्टिकची एक पारदर्शक प्लेट. प्लेटमध्ये खळग्यांच्या ओळी, प्रत्येक खळगा करंगळीच्या टोकाएवढा. इंग्रजीत त्यांना जे म्हणतात त्याचं बाबांनी सरळ मराठी केलं होतं: विहिरी. एकेका विहिरीत एकेकाच्या रक्तातलं पिवळसर पाणी घालायचं, मग बाटल्यांतली औषधं क्रमाने. शेवटी रंग येतो. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा ते जितकं जास्त, तितका रंग गडद.

पण आजारी माणसाचा रंग गडद की फिका, हे ठरवायला निरोगी माणसाचा रंग माहीत पाहिजे. म्हणून नवी किट आली की प्रयोगशाळेतलीच चारदोन धडधाकट माणसं आपलं रक्त देत. त्यांना तिथे 'नॉर्मल' म्हणत. नळ्यांवर नावं नसत. एन-एक, एन-दोन, असं लिहिलेलं असे. एन-एक बाबा होते. लोक आले, गेले, बदली झाले, लग्न होऊन गेले, एन-दोन आणि एन-तीन बदलत राहिले. एन-एक तेच. नवीन लागलेल्या मुली त्यांना 'नॉर्मल कका' म्हणत आणि ते ओ देत.

हा शब्द त्यांना इतका का आवडे, ते मला मोठी झाल्यावर कळलं. माझे आजोबा फकिरा भंडाऱ्याकडून शेती सोडून भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लान्टमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले. मुलगाही प्लान्टमध्ये लागणार, हे आमच्या गल्लीत धरूनच चाललेलं होतं. पण भरतीच्या मेडिकलमध्ये बाबांची छाती मापात बसली नाही. कागदावर 'अनफिट' आलं. "फकिराचा पोरगा अनफिट निघाला," एवढं एक वाक्य गल्लीत बरीच वर्षं फिरत होतं. लग्नाच्या वेळी ते आईच्या माहेरापर्यंत पोचलं होतं. आजोबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच बाबांना लागलं असावं. पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिथल्या पहिल्याच किटच्या वेळी कुणीतरी त्यांच्या रक्तापुढे 'नॉर्मल' लिहिलं. त्या दिवशी ते सिविक सेंटरहून जिलबी घेऊन घरी आले होते म्हणे. आई ती गोष्ट हसत सांगायची, पण हसताना आवाज खाली घ्यायची.

या वेळची किट नव्या प्रकारची होती. प्लेटलेटवरच्या एका रिसेप्टरची. आदल्या दिवशी जेवताना बाबांनी आईला ते समजावून सांगितलं होतं.

"प्लेटलेट म्हनजे रक्तातले चौकीदार समज. कुठं जखम झाली का धावत जाते अन् रक्त थांबवते."

"बरं."

"तं त्यायले जखम झाली हे कसं समजते? त्यायच्या अंगावर कान असते. थोच रिसेप्टर. कानानं ऐकलं का पळाले. अन् पळता पळता कान गयून पडते रक्तात."

"माय! कान गयून पडते?"

"हाव. हे किट थे पडलेले कान मोजते. लय कान पडून असले, तं समजायचं का कुठंतरी आरडाओरडा होऊन रायला."

आईने त्यांच्या ताटात भात वाढला. "तुमाले तं कान असूनयी ऐकू येत नाई. अजून एक पोई घ्या म्हनून कवाची म्हनून रायली."

"भूक नाई व," बाबा म्हणाले होते.

या किटची एक अडचण होती. रक्त घेताना सुई जोरात खेचली, नळी हलवली, आदळली, तरी प्लेटलेटना वाटतं जखम झाली. मग नळीतच कान गळतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून हात हलका लागे. बाबांचा होता. नळी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत नेताना ते दोन्ही हातांनी धरत आणि पाय न उचलता, जवळजवळ घासत चालत. दही लागायला ठेवलेलं भांडं कुणी उचललंच तर जसं नेईल, तसं.

हे सगळं त्यांनी नीतूला शिकवलं होतं. नीतू उतईची, वर्षभरापूर्वी लागलेली, बोलायला जरा भित्री. लहान मुलं बाबांपेक्षा तिच्याजवळ कमी रडत, म्हणून पावसाळाभर मुलांचं रक्त तिनेच घेतलं होतं. त्या सगळ्या नळ्या फ्रीझरमध्ये या किटची वाट पाहत होत्या. आज मुलांच्या नळ्या काढायच्या नव्हत्या. आज फक्त नॉर्मल लावून किट बरोबर चालते की नाही ते पाहायचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्या नॉर्मल लोकांचं रक्त बाबांनी आदल्याच दिवशी घेऊन ठेवलेलं होतं. राहिले होते ते स्वतः. स्वतःचं रक्त स्वतःला घेता येत नाही. ते खुर्चीत बसले, बाही वर केली.

"चल बेटा. आज तेरा एग्जाम है."

"कका, डराइए मत ना," नीतू म्हणाली. "पहले से ही हाथ कांप रहा है."

"कांपता है तो साँस छोड़. मैं कहाँ भाग रहा हूँ? दो दिन का भूखा आदमी, भाग भी नहीं सकता."

"दो दिन?" मी म्हटलं.

"अरे, बोलायची रीत हाय," ते म्हणाले.

नीतूने त्यांच्या दंडाला पट्टा सैल बांधला, टोचण्याने बिघडलेली पहिली नळी टाकून दिली, दुसरी, निळ्या टोपणाची, भरू दिली. घाई नाही, ओढाताण नाही. मग ती नळी दोन्ही हातांत धरून पाय घासत पलीकडच्या टेबलाकडे गेली. बाबा तिच्या पायांकडे पाहत होते. नळी स्टँडमधल्या पहिल्या भोकात बसली. ती जागा एन-एकची.

बाबांनी पोह्यांचा डबा उघडला आणि ते मला प्लेट दाखवू लागले. "हे पाह्य. या पट्टीत ज्याचं माप माहीत हाय थे. मंग नॉर्मल. अन् या दोन विहिरी खाली."

"रिकाम्या का?"

"याले ब्लँक म्हनते. याच्यात कोनाचंच रक्त नाई. नुसत्या प्लास्टिकचा अन् औषधाचा जो काही रंग येईन थो मशीन सगळ्यायतून वजा करते. खाली विहीर ठेवाच लागते, नाई तं हिशेबच लागत नाई."

"स्टँडमध्ये पण?"

"स्टँडमंदी कायले? थे तं नुसतं नळ्या उभ्या कराचं. खाली जागा नुसती प्लेटमंदी." त्यांनी दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. "बाकीचे मंग खातो."

मी दुपारी पुन्हा गेले तेव्हा काम शेवटाला आलं होतं. विहिरींमध्ये निळा रंग आलेला होता आणि बाबा शेवटचं औषध घालत होते. ते पडलं की निळ्याचा पिवळा होतो. एकेक विहीर पिवळी होत गेली. मापाच्या विहिरी ओळीने गडद होत चाललेल्या. नॉर्मलच्या फिक्या, पातळ ताकासारख्या. मधे शेजारी शेजारी दोन विहिरी मात्र ओल्या हळदीसारख्या.

मशीनमध्ये घालायच्या आधी बाबांनी प्लेट उजेडाकडे धरली. प्रत्येक नळीचं दोनदा घालायचं असतं, म्हणून विहिरी दोन. कुणाच्या आहेत हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनीच भरल्या होत्या.

डॉक्टर ऐश्वर्या ताम्रकार संगणकाजवळ उभ्या होत्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली होती. शांत, कामाला वाघ, बाबांना 'देवरावजी' म्हणणाऱ्या. आकडे आले. त्यांनी ते पाहिले, मग नीतूकडे पाहिलं, आणि नीतूचा चेहराच उतरला.

"मेरा हाथ भारी पड़ गया, मैडम," ती म्हणाली. "मेरी ही गलती है. सुबह हाथ कांप रहा था."

"होता है," डॉक्टर म्हणाल्या. "सैंपल खराब हुआ है. एन-वन को इस बार छोड़ देते हैं, देवरावजी." त्या थांबल्या. पुढचं त्यांच्याही लक्षात आलं होतं. "बस, फ्रीज़र वाले..."

नीतूचा हात भारी असेल, तर फ्रीझरमधल्या मुलांच्या सगळ्या नळ्यांचा भरवसा नाही. त्या फेकायच्या. मुलांना पुन्हा बोलवायचं, पुन्हा टोचायचं. सिकलसेलच्या मुलांच्या शिरा आधीच सापडत नाहीत. आणि नीतूला पुन्हा कुणी सुई हातात देईल की नाही, कोण जाणे.

आणि नीतूचा हात हलका असेल, तर त्या दोन पिवळ्या विहिरी खऱ्या.

बाबांनी हातमोजे काढले. "मैडम, प्लेट की आधी पट्टियाँ बची हैं. कल फिर लगाते हैं. नीतू मेरा निकालेगी, और आपका भी निकालेगी. एक ही हाथ से, एक के बाद एक."

"मैं नहीं निकालूँगी, कका."

"तूच काढशीन," बाबा मराठीतच म्हणाले. रागावले की त्यांची हिंदी संपायची.

संध्याकाळी मी त्यांना सिविक सेंटरला नेलं. चष्म्याच्या दुकानात त्यांनी नीट वेळ घेऊन फ्रेम निवडली, जुनीसारखीच. दुकानदाराने डोळ्यांवर काचा चढवल्या, भिंतीवरची अक्षरं दाखवली.

"अब नॉर्मल दिख रहा है, अंकल?"

बाबांनी सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवली. "साफ दिख रहा है," ते म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे राहिलो. त्यांनी माझ्यासाठी घेतला, स्वतःसाठी नाही.

"बाबा, तिचा हातच भारी पडला असेल ना?"

"पडला असन तं बरंच हाय. माह्यासाठी."

"मग कशाला पुन्हा लावता? मॅडम सोडून देऊ म्हणत होत्या."

"पोरीनं पावसाळाभर पोरायचं रक्त घेतलं," ते म्हणाले. "मी उभा राहून पाह्यलं. तिचा हात भारी नाई. मले मालूम हाय न् मी चुप बसू? माह्या नॉर्मलपाई साऱ्या पोरायले पुन्हा टोचू?"

मी गाडीची किल्ली शोधत राहिले. ती हातातच होती.

"घरी सांगू नको आज," ते म्हणाले. "उद्या काय येते थे पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उपास. "लागोपाठ दोन दिस?" आई म्हणाली. "तिथं दुसरा कोनी नॉर्मल उरला नाई का?" आणि डबा माझ्याकडे दिला.

आधी डॉक्टर खुर्चीत बसल्या. नीतूने त्यांचं रक्त घेतलं. मग बाबा बसले. त्या दिवशी त्यांनी विनोद केले नाहीत, फक्त नीतू सुई लावायला वाकली तेव्हा तिच्यासाठीच एक मोठा श्वास सोडून दाखवला. तिनेही सोडला. नळ्या नेताना ती इतकी हळू चालली की डॉक्टरांनी उठून तिच्या वाटेतलं स्टूल बाजूला केलं.

मी त्या दिवशी कुठे गेले नाही. बाहेरच्या बाकावर मुलं आणि त्यांच्या आया बसलेल्या होत्या, त्यांच्यातच बसून राहिले. एका मुलीने मला विचारलं, "दीदी, आपको भी सिकलिन है?" मी नाही म्हटलं. ती जरा सरकून बसली, जागा देण्यासाठी.

दुपारी पिवळा रंग आला. डॉक्टरांच्या दोन विहिरी फिक्या. बाबांच्या दोन हळदीच्या.

नीतू प्लेटकडे पाहायला तयार नव्हती. भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"इधर देख," बाबा म्हणाले. "देख ना. एक ही हाथ से निकाला हुआ है. तेरा हाथ बराबर है. एकदम हलका."

"कका, मेरा ही हाथ भारी निकलता तो अच्छा होता."

"पगली," ते म्हणाले. "ऐसा नहीं बोलते. तेरे हाथ पर बच्चे भरोसा करते हैं."

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "देवरावजी, यह किट बीमारी नहीं बताती. डिब्बे पर ही लिखा है, सिर्फ रिसर्च के लिए. इसके सौ कारण हो सकते हैं. कल से हम बाकी जाँच करवाएँगे. मैं खुद साथ चलूँगी."

"हाँ मैडम. चलेंगे." त्यांनी नवा चष्मा काढून पुसला. "बस एक काम कीजिए. नॉर्मल में से मेरे को निकाल दीजिए. मेरा आँकड़ा अंदर रहा तो बच्चों का हिसाब गलत बैठेगा."

डॉक्टरांनी मान डोलावली. पण लगेच काही केलं नाही, म्हणून बाबा स्वतःच उठले. स्टँडमधून एन-एकची नळी काढली, तिच्यावरची चिठ्ठी नखाने सोलली आणि दुसरी लावली. त्या चिठ्ठीवर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, पेशंटचं लिहितात तसं. मग ती नळी दोन्ही हातांत धरून, पाय घासत, पलीकडच्या स्टँडमध्ये नेऊन ठेवली. मुलांच्या.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढता काढताच हाक दिली. "रत्नमाला, चहा ठेव. नॉर्मलचा उपास बंद झाला आता."

"कावून? किटा सरल्या का?"

"रिटायर केलं मले. नव्या पोरायले घेतो म्हने."

"लय चांगलं केलं बापा त्यायनं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचा आवाज खरोखर आनंदी होता. "किती रक्त पिलं माह्या मानसाचं. साखर टाकतो आता. काही नाई ऐकाची मी. दोन चमचे टाकतो."

"टाक," बाबा म्हणाले.

ते इतक्या लवकर 'टाक' म्हणाले म्हणून ती बाहेर आली. हातात साखरेचा डबा. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

बाबांच्या पोटात, मागच्या बाजूला, गाठ होती. बाकीच्या तपासण्यांमध्ये ती सापडली, आणि रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशी गाठ लवकर बोलत नाही. बाबांना ते वाक्य आवडलं नाही. "बोलून रायली होती," ते मला म्हणाले. "प्लेटलेटनं ऐकलं ना. कान पडेपर्यंत पळाले बिचारे."

पुढचे महिने दवाखान्यात आणि घरी गेले. शेवटी शेवटी शिरा सापडेनात. दवाखान्यातला माणूस तीन-तीनदा टोचायचा. मग नीतू ड्युटी संपली की उतईची बस सोडून आमच्याकडे येऊ लागली. ती आली की बाबा डोळे मिटूनच हात पुढे करत. "नीतू हाय का? मंग ठीक हाय." ती गेल्यावर आई त्यांच्या दंडावरचा कापूस धरून बसायची. त्यांनी आयुष्यभर इतकं रक्त दिलं म्हणूनच हे झालं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मी समजावलं, डॉक्टर ऐश्वर्यांनी घरी येऊन समजावलं. ती 'हाव' म्हणायची. चहात दोन चमचे साखर मात्र तिने शेवटच्या दिवसापर्यंत घातली, ते पीत नव्हते तेव्हाही.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत बाबा गेले.

मी रायपूरला परत गेले, दर शनिवारी घरी येत राहिले. पाऊस येऊन गेला. मुलांच्या नळ्यांचं काम पूर्ण झालं, नीतूने फोनवर सांगितलं, एकाही मुलाला पुन्हा बोलवावं लागलं नाही. मी ते आईला सांगितलं. "त्यायले सांग," ती म्हणाली. मी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं. "तूच सांग," मी म्हटलं. मग तिने सांगितलं, भाजी निवडता निवडता.

दसऱ्याच्या मागेपुढे एका सोमवारी मी सुट्टी जोडून घरी होते. सकाळी उठले तर गॅस बंद होता. आई अंघोळ करून, चांगली साडी नेसून, पलंगावर बसली होती. शेजारी पोह्यांचा डबा.

"चहा नाही केलास?"

"नीतूचा फोन आलता काल. नवी किट आली म्हने." तिने साडीचा काठ नीट केला. "तिले नॉर्मल कमी पडून रायले. मी म्हनलं, मी येतो."

"आई..."

"कावून? माह्यात काय खराब हाय? रात्री जेवलो थे जेवलो, पानी बी नाई पेलो. मले घेऊन चाल."

मी तिला घेऊन गेले. नीतूने तिला बाबांच्या खुर्चीत बसवलं, पाया पडली, मग जवळ बसून हळूच विचारलं, "आंटी, कोई गोली चलती है?"

"बीपीची," आई म्हणाली. "लहानशी हाय. पांढरी."

नीतूने माझ्याकडे पाहिलं. रोजची गोळी घेणारं माणूस नॉर्मलमध्ये धरत नाहीत, पण तिला ते तोंडाने म्हणवेना.

आईला कळलं. ती नॉर्मलची बायको होती. नियम तिला माहीत होते. "म्हनजे मी नाई चालत," ती म्हणाली. खुर्चीतून उठली नाही. बाही वर सरकवलेली तशीच होती.

मीही त्या सकाळी काही खाल्लं-प्यालं नव्हतं. घरात चहाच झाला नव्हता. मी कुठलीही गोळी घेत नाही. आईच्या शेजारी दुसरी खुर्ची होती, तीत बसले आणि हात पुढे केला.

नीतूने पट्टा सैल बांधला. सुई कधी आत गेली ते मला कळलं नाही. पहिली नळी तिने टाकून दिली, दुसरी भरू दिली. मग ती नळी दोन्ही हातांत धरून, पाय न उचलता, पलीकडच्या टेबलाकडे गेली. आई तिच्या पायांकडे पाहत होती. नीतू टेबलाशी पोचेपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत.

नीतूने नळी स्टँडमध्ये ठेवली. दुसऱ्या भोकात.

"पहिलं कावून खाली ठेवलं?" आईने मला विचारलं, पण ऐकलं नीतूनेही.

"वो ब्लैंक रहता है, आंटी," नीतू पाठमोरीच म्हणाली. "खाली रखना पड़ता है."

ब्लँक प्लेटमध्ये असतो. स्टँडमध्ये नसतो. पहिलं भोक एन-एकचं.

"हाव का," आई म्हणाली. ती थोडा वेळ त्या भोकाकडे पाहत राहिली. मग तिने मांडीवरचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"घे व," ती म्हणाली. "उपास सोड."